खोलीचं तापमान

२ एप्रिल १९८७

नाव नाही!

दुपारी माणिकरावांनी खिडकीतून खुणावलं. आमच्या विभागाचे टायपिस्ट. सरांचा बंगलोरच्या परिषदेसाठीचा निबंध मशीनवर चढलेला होता. "ताई, तुमी एकदा नजर टाका. हे इंग्रजी शब्द माझ्या हातून चुकतेत." वाचला. चूक एकही नव्हती. सगळी वाक्यं माझी, प्रयोगाच्या सगळ्या प्लेटा माझ्या. वर नाव एकच — डॉ. व्यंकटराव झरीकर.

"अजून एखादं पान आहे का?" मी विचारलं. "इतकंच दिलंय सरांनी," म्हणाले आणि मान खाली घालून टकटक करायला लागले. भला माणूस आहे. त्यांनी मला चूक तपासायला बोलावलंच नव्हतं.



३ एप्रिल

गेले सरांकडे. म्हटलं, "सर, निबंधावर माझं नाव राहिलं वाटतं."

हसले! "राहिलं नाही, मीच ठेवलं नाही. अगं, बंगलोरला मोठमोठी माणसं येणार. कडूबाई सटवाजी वाव्हळे! हे काय नाव झालं? आभारात घालतो ना तुला शेवटी." मग मी न विचारताच — "आमच्याकडे जातबित कुणी मानत नाही, तुला तर माहीतच आहे."

हो, माहीत आहे. किती वेळा सांगितलंय तुम्ही.

मायची माझ्या आधीची दोन लेकरं गेली. म्हणून माझं नाव कडू ठेवलं, मरणालाही गोड लागू नये म्हणून. मी जगले ती या नावावर. शाळेत लोक हसले, कॉलेजात हसले, वसतिगृहात एकीनं बदलून 'काव्या' कर म्हणून सुचवलं होतं. नाही बदललं. आणि हा माणूस ते आभारात घालणार!

याचा हिशेब मी चुकता करणार. कसा ते माहीत नाही. पण करणार.

५ एप्रिल

काम काय आहे ते इथे लिहून ठेवते. कुठे तरी ते माझ्या नावाखाली असू दे.

मळीपासून दारू गाळतात त्या टाक्यांमधलं यीस्ट आपल्याकडच्या उन्हाळ्यात मरतं. आमची योजना उन्हाला टिकणारं यीस्ट तयार करायची, म्हणून सगळे प्रयोग फक्त उन्हाळ्यात. त्यासाठी दोन वाण एकमेकांत मिसळावे लागतात. यीस्टमध्ये नर-मादी नसतात, पण दोन प्रकार असतात — ए आणि आल्फा. ए-ची जोडी आल्फाशीच लागते. गंमत अशी की प्रत्येक पेशीजवळ दोन्ही प्रकारांची जनुकं असतात! मधल्या जागेवर जे बसलंय तेवढंच बोलतं. बाकीच्या दोन प्रती त्याच गुणसूत्राच्या टोकांकडे असतात. धडधाकट, एक अक्षर न बिघडलेल्या, पण मुक्या. पेशीतलीच दुसरी काही जनुकं त्यांच्यावर पहारा करतात आणि त्यांना बोलू देत नाहीत. या पहारेकऱ्यांना परदेशी लोकांनी 'सर' असं नाव दिलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटीच हसले होते.

माझ्या कामाच्या खोलीत एक वाण निघाला, तो कुणाशीच जुळेना. शेजारचा साधा वाण त्याच प्लेटेवर, त्याच उन्हात सुरळीत जुळतोय आणि हा ढिम्म. एकेरी पेशी असून दुहेरीसारखी, म्हणजे आधीच जुळून गेलेल्या पेशीसारखी, वागते. म्हणजे तिच्यातला पहारा सुटलाय, मुक्या प्रती बोलायला लागल्यात, ए आणि आल्फा एकदम. पेशीला वाटतं आपलं लग्न झालंय. मग ती कशाला कुणाकडे बघेल? हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं गेली. सरांना मी ते समजावून सांगितलं एका चहात.

९ एप्रिल

काल संध्याकाळी सरांनी प्लेटा मागवल्या होत्या, कुणा पाहुण्याला दाखवायला. त्या रात्रभर त्यांच्या टेबलावर, वाळ्याच्या कूलरसमोर राहिल्या. आज सकाळी बघते तर माझ्या न जुळणाऱ्या वाणाची प्लेट भरून ठिपके! आमच्या प्लेटेवर फक्त जुळलेल्या पेशीच वाढतात. न जुळणाऱ्याची प्लेट कोरी राहायला पाहिजे.

सरांनी दोन बोटांनी प्लेट उचलली. "नासवल्यास. घाण झाली हिच्यात." आणि पंडितसमोर — पंडित आमच्याकडचा नवा व्याख्याता — म्हणाले, "हात धुवत जा जरा. स्वच्छतेची सवय लहानपणापासून लागावी लागते, कडूबाई."

पंडित भिंतीकडे बघत राहिला. मी प्लेटा घेतल्या आणि बाहेर आले. फेकल्या नाहीत.

सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. घाण नाही. बुरशी नाही. स्वच्छ, गुबगुबीत, जुळलेल्या दुहेरी पेशी. त्याच वाणाच्या!

११ एप्रिल

समजलं!! 

एकाच वाणाच्या दोन प्लेटा केल्या. एक नेहमीसारखी माझ्या फळीवर. माझी खोली पत्र्याची, पश्चिमेला तोंड, सध्या दुपारी अडतीस. दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवली, तिथे पंचवीस. फळीवरची कोरी. माठाजवळची गच्च भरली!

म्हणजे पहारा मोडलेला नाहीच. तो उन्हानं सुटतो. गारव्यात जनुकं गप्प, पेशी गुणाची, जुळते. ऊन तापलं की पहारेकऱ्याचे हातपाय गळतात आणि मुक्या प्रती बोलायला लागतात. याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही! पहारा हवा तेव्हा बांधायचा, हवा तेव्हा सोडायचा. गारव्यात लग्न लावायचं, उन्हात परीक्षा घ्यायची.

आणि आम्ही सगळीकडे लिहिलंय काय? 'प्लेटा खोलीच्या तापमानाला ठेवल्या.' सगळेच तसं लिहितात. मीही लिहिलं, सरांनी जसंच्या तसं उतरवलं. सर माझ्या खोलीत कधी आलेच नाहीत. पत्र्याखाली बसायला पाहिजे ना त्यासाठी! तापमान हवं तेवढं धरून ठेवणारा इन्क्युबेटर त्यांच्या खोलीत, कुलपात. त्यात सध्या झरीच्या त्यांच्या आमराईतले आंबे पिकत घातलेत.

बंगलोरची खोली किती? जूनमध्ये चोवीस म्हणतात.

१२ एप्रिल

बंगलोरला नुसतं भाषण नाही. सकाळी निबंध आणि दुपारी प्रात्यक्षिक. ज्यानं त्यानं आपला वाण घेऊन यायचा, सगळ्यांदेखत प्लेटा लावायच्या आणि दोन दिवसांनी सगळ्यांदेखत उघडायच्या. सर उभे राहून सांगणार, बघा, माझा हा वाण कधीच जुळत नाही. आणि झाकण काढणार.

मला काही करायचंच नाही. खोटं बोलायचं नाही, अदलाबदल करायची नाही, काही सांडायचं नाही. फक्त सांगायचं नाही. घाण झाली म्हणालात ना? तीच घाण भरल्या सभेत तुमच्या हातात येऊ दे. 'हात धुवत जा' हे कुणीतरी तुम्हाला म्हणू दे, इंग्रजीत!

सरांकडे आल्यापासून सहा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

१४ एप्रिल

जयंतीला गावी. चुडाव्याला गाडीतून उतरून चालत आले. माय दारातच — "किती वाळलीस गं! तिथं खायला देतेत का नुसतं हुंगायला?"

तिला काम समजावून सांगितलं. एकाच दाण्यात नवराही असतो नि नवरीही, पण एकाला गप्प ठेवलेलं असतं. माय भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग ते गप ठिवलेलं मेलं का काय?" म्हटलं, मेलं नाही. सगळं शाबूत असतं. ती म्हणाली, "तर मंग कवा ना कवा बोलंल की."

आप्पा ओट्यावर बसून ऐकत होते, बोलले नाहीत. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत आमचं घर जाळलं तेव्हापासून आप्पा कमीच बोलतात. कुणी जाळलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. फौजदारानं विचारलं तर म्हणाले, अंधार होता. मला तेव्हा त्यांचा लय राग आला होता. अजूनही गेलेला नाही. मी तशी नाही, म्हणून मनात म्हटलं. मी सोडणार नाही.

२ मे

बेचाळीस. पत्रा तडतड वाजतो. माझा वाण कोराच्या कोरा. आनंद!

१९ मे

सर म्हणाले, निघायच्या आधी एकदा पुन्हा करून दाखव. पत्र्याखाली केल्या, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. कोऱ्या. खूश झाले. निबंधावरून बोट फिरवत म्हणाले, "सगळं बरोबर आहे ना? काही अडचण?"

आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

एक क्षण — खरं लिहिते — एक क्षण वाटलं सांगावं. त्यांनी तेवढ्यात आंबा हुंगून बघितला आणि म्हणाले, "ते एप्रिलसारखं घाणेरडं काम नको तिथं."

"काही अडचण नाही, सर."

१ जून

गेले. पंडितला बरोबर नेलंय, सामान उचलायला. ट्यूब मीच कापसात गुंडाळून दिली. "जपून न्या, सर." किती गोड बोलता येतं मला!

४ जून

आज प्लेटा लावल्या असतील. दिवसभर मनातल्या मनात झाकण काढत होते. एकदा त्यांचा चेहरा लाल केला, एकदा पांढरा. पांढरा जास्त आवडला.

१० जून

पंडित आला. त्याला घेऊन कॅन्टीनमागच्या लिंबाखाली बसले. "सांग."

झालं! अगदी मी मांडलं होतं तसंच झालं. सरांनी झाकण काढलं आणि प्लेट लग्नाच्या मांडवासारखी भरलेली. मागून कुणीतरी हसलं. एकानं विचारलं, हा वाण बाजारातल्या पावाच्या यीस्टपेक्षा वेगळा कसा? पंडित म्हणाला, "ताई, सरांला घाम फुटला. तिथं एवढी गार हवा आणि यांचा सदरा भिजला." मी हसले, पोट धरून हसले. पंडित हसला नाही.

"पुढं ऐका," म्हणाला.

पुढे सर म्हणाले — हे काम माझं नाही. आमच्याकडे एक संशोधन सहायक आहे, कडूबाई वाव्हळे. सगळं काम तिचं, कल्पनाही तिचीच. मी फक्त विश्वास ठेवला. डॉ. विशालाक्षी म्हणून एक वयस्क बाई आहेत, तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी म्हणे पुन्हा पुन्हा विचारलं, "नक्की? यात तुमचं काहीच नाही?" सर म्हणाले, "काहीच नाही. अशा लोकांना संधी दिली की असं होतं."

अशा लोकांना!

निबंधात ठेवायला नाव शोभत नव्हतं. चिखलात ढकलायला शोभलं!

११ जून

सर परतले. सगळ्या विभागासमोर बोलावलं. "तुझ्यामुळे माझं नाक कापलं गेलं. कबूल कर की हे निकाल तू रचलेस. नाहीतर पीएच.डी.ची नोंदणी रद्द, नोकरीही." आवाज चढवला नाही. पेपरवेट फिरवत होते.

मी म्हटलं, "सर, ते उन्हावर आहे. गारव्यात जुळतात, उन्हात नाही. दाखवते." ते म्हणाले, "दाखव की. सगळ्यांसमोर दाखव."

१३ जून

दाखवलं. तोंडघशी पडले.

पावसाच्या दोन सरी येऊन गेल्या आणि हवा गार पडली. पत्र्याखाली अठ्ठावीस! फळीवरची प्लेट भरून उगवली. इन्क्युबेटर मागितला तर म्हणाले, त्याची किल्ली हरवली आहे. आंबे तर संपलेत!

सगळे पांगले. विभागातल्या जोशी मॅडमनी जाताना "च् च्" केलं. पंडित तेवढा दारात घुटमळला, पण बोलला नाही. कसा बोलेल? नवा आहे.

मी त्यांच्यासाठी खड्डा खणला, आणि ते मला पुढे करून माझ्या पाठीवर पाय देऊन पलीकडे गेले. राग इतका आलाय की लिहिताना निब वाकली.

सोमवारपर्यंत मुदत दिलीय.

१४ जून

गावी आले. मायला काही बोलले नाही, आप्पांना सगळं सांगितलं. का कोण जाणे. ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, "मी मुद्दाम गप्प बसले, आप्पा. त्यांची फजिती व्हावी म्हणून."

आप्पांनी तंबाखू मळायला घेतला. मग म्हणाले, "म्या बी गप बसलो व्हतो. वाटलं, गावात ऱ्हायचंय, कशाला नाव घ्यायचं. मंग ठाण्यात त्यायनीच सांगितलं — सटवाजीनं सोताच घर पेटवलं, सरकारकडून भरपाई खायला." चुन्याची डबी उघडली. "आपण गप बसलो की बोलायचं काम त्यायच्याकडं जातं, पोरी. मंग ते बोलतेत त्येच ऱ्हातं."

नऊ वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मायनं आतूनच म्हटलं, "कवाधरनं सांग म्हणायले यायला!"

मी त्यांच्यावर इतकी वर्षं रागावले होते. आज त्यांच्या हातातला तंबाखू मीच मळून दिला.

१५ जून

सोमवार. सर वाट बघत असतील कबुलीची. पहिल्या गाडीनं आले, पण विभागात गेले नाही. सरळ पोस्टात. बंगलोरला ट्रंक कॉल लावला, नंबर वाटेत पंडितच्या घरून घेतला. (देताना म्हणाला, "माझ्याकडून घेतला म्हणून सांगितलंत तरी चालंल." बोलला शेवटी!) दुपार गेली बाकावर. मग हाक आली.

माझं इंग्रजी अडखळत होतं. त्यात पलीकडे समुद्रासारखी खरखर. नाव सांगितलं. विशालाक्षीबाईंनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "हं. ती वाव्हळे. बोला."

म्हटलं, ट्यूब फेकली का? नाही म्हणाल्या. म्हटलं, मग सदतीसला ठेवा. आणि शेजारी साधा वाणही ठेवा, तो जुळेल. माझा जुळणार नाही. त्यांनी विचारलं, "पण निबंधात तर खोलीचं तापमान लिहिलंय. तुमच्याकडे खोलीचं तापमान असतं तरी किती?"

मी म्हटलं, "मे महिन्यात, माझ्या खोलीत? बेचाळीस."

पलीकडे काही ऐकू येईना. वाटलं लाइन तुटली. मग कळलं, बाई हसत होत्या.

हसू संपवून त्यांनी विचारलं, "तुमच्या सरांना हे माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "ते माझ्या खोलीत कधी आले नाहीत." आणखीही सांगितलं. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, हेही. का, तेही. निबंधावरचं नाव, आभार, हात धुणं, सगळं. तीन मिनिटं झाली म्हणून एक्स्चेंजची बाई मध्ये बोलली, मी तिलाही म्हटलं — बोलू द्या.

१६ जून

कबुली दिली नाही. सर म्हणाले, "पस्तावशील." मी म्हटलं, "बघू." सरांना 'बघू' म्हणणारी मी! 

२० जून

काही नाही. माझ्या जागेवर दुसरं माणूस बघायला सुरुवात झालीय म्हणे. माणिकरावांनी सांगितलं. "जाहिरात मी हळू टाइप करायलोय, ताई. जमेल तेवढं."

२४ जून

काही नाही. त्या बाईंनी ट्यूब फेकून दिली असेल तर?

२७ जून

सर माझ्या खोलीत आले! पत्र्याखाली. सहा वर्षांत पहिल्यांदा. घाम पुसत, हसत. "कडूबाई, बंगलोरचा फोन होता. सदतीसला एक ठिपका नाही म्हणे! बाई स्वतः येतायत, असा वाण देशात कुणाकडे नाही म्हणतात. त्यांना सांगायचं, हे आपलं काम —"

"आपलं नाही, सर," मी म्हटलं. "भरल्या सभेत तुम्हीच सांगून आलात ना? बाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, तरी."

खोलीत दुसरी खुर्ची नाही. उभेच होते.